गाडीवर एकटाच होतो

३ फेब्रुवारी
आलो एकदाचा कोल्हापुरात. दवाखान्याजवळ खोली घेतलीया. संगं आलेल्या थोरल्या बहिणीनं, अक्षताताईनं, पहिल्याच दिवशी पांढरा रस्सा केला, मी तीन वाट्या वरपला. नोव्हेंबरात नेसरीजवळ गाडी उसाच्या ट्रॉलीला मागनं धडकली. तवापासनं डोकं ठणकतंय, ट्रॅक्टरचा आवाज आला की कान झाकून खाली बसतो. धडक कशी झाली ते आठवत न्हाय. गाडीवर तू एकटाच होतास, असं ताई सांगते. बायको दीक्षा जयसिंगपूरला माहेरी गेलीया. डॉक्टरांनी मोबाईल बंद केलाय, म्हणून बोलणं न्हाय. बरा झालो की आधी तिला आणायला जाणार.

५ फेब्रुवारी
डॉक्टरबाई रोखठोक हायत. म्हणाल्या, डोकेदुखीच्या रोजच्या गोळ्यांनीच डोकं जास्त दुखतंय, आठवड्यात दोनदाच घ्या. भीतीवर उपाय एकच. अपघात रोज मोठ्यानं सांगायचा, आत्ता घडतोय तसा, काही न गाळता. आठवत न्हाय म्हटलं तर उपचार लांबतील, म्हणून ताईनं सांगितलेलंच माझं म्हणून सांगितलं.

९ फेब्रुवारी
डोकं दुखणं दहापैकी सहा. आज सांगताना वळणावर गाडी मागनं जड झाली. कुणीतरी कमरेला धरलं. ताईला बोललो. ती म्हणाली, भास हाय, एकटाच होतास की. मग दार ओढून बाहेर जाऊन बसली.

१२ फेब्रुवारी
आठ. आता नुसतं कॉटवर बसलो तरी कंबर धरलेली. बांगड्या रुततात. हात ओळखीचा हाय.

१४ फेब्रुवारी
ताई रडत सगळं बोलली. दीक्षा मागं बसलेली. जागेवरच गेली. मी बेशुद्ध होतो तवा तिच्या मागचा विधी, पुण्यानुमोदन, झालं, जेवणं झाली. बरा झाला की सांगू, असं पावण्यारावळ्यांनी ठरवलं.
मी रोज मोठ्यानं म्हणत होतो, एकटाच होतो. ती मागं बसून ऐकत होती.

१५ फेब्रुवारी
दहा. बाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, घाई नको, हळूहळू तिच्यासकट सांगू. मला दम न्हाय. हात छातीपर्यंत आलेत —

१६ फेब्रुवारी
दीक्षा, चुकलं माझं. आज तुझ्यासकट सांगतो. मी चालवतोय, तू मागं हायस. ट्रॉली दिसली — ब्रेक — धडक —
इथं तू पडतेस. इथं तुझा हात सुटतो.
सुटत न्हाय. मलाबी संगं ओढतेस.
दीक्षा, सोड की. असं झालं नव्हतं. तू एकटीच —