दुसरा फटका

११ मार्च
दुपारी भूषण आला. संस्थाध्यक्षांचा पुतण्या, आमच्याच कॉलेजात शिकतो. थेट माझ्या सर्व्हर रूममध्ये. "दोन विषयाचे मार्क वाढवून दे. पासवर्ड तुह्यापाशीच राह्यते ना?" माझ्यापाशीच, म्हणूनच नाही म्हटलं. त्यानं कीबोर्ड भिंतीवर आपटला. प्राचार्यांना लेखी कळवलं.

१२ मार्च
पुन्हा आला. आमचे शिपाई वानखेडे काका दारात आडवे आले. "म्याडमनं नाई म्हनलं ना. जाय आता." भूषणनं त्यांचं डोकं लोखंडी रॅकवर आदळलं. परत आदळलं. काकांच्या कानातून रक्त. मी आग विझवायचं सिलिंडर उचललं, त्याच्या मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज आला. तो खाली पडला. मग परत हाणलं. गुडघ्यावर.

१३ मार्च
काका आयसीयूत. पोलिसांनी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागितलं. ते माझ्याच सर्व्हरवर. पाहिलं. पहिल्या फटक्याला भूषणचे हात काकांच्या मानेवर. दुसऱ्याला तो जमिनीवर, न मोडलेला हात वर केलेला. थांब म्हणत होता बहुतेक. मला ऐकूच आलं नव्हतं.
प्राचार्य म्हणाले, "शेवटचे दहा सेकंद उडवून टाका. कोनाले समजते?"
कोणालाच नाही. मला येतं ते.

१४ मार्च
ज्युनिअरांना नेहमी सांगते, जिथे आपण स्वतः अडकलोय तिथे आपला हात नको. सकाळी माझ्या हाताखालच्या स्नेहाला बोलावलं. तिच्यासमोर माझे अॅडमिनचे सगळे अधिकार काढून टाकले. रेकॉर्डिंगची कॉपी तिनं काढली, पूर्ण. रडत होती. "म्याडम, तुमच्यावरच केस होईन."
"नोंद कर. वेळ टाक." ओरडलेच तिच्यावर.
संध्याकाळी आंजी गावातल्या आमच्या घरावर दगड. आईच्या दंडाला लागला. ती काचा झाडत बसली.

१६ मार्च
काका बोलायला लागले. पट्टीतून एकच डोळा दिसतो. वाटलं, डोक्यावर हात ठेवतील.
"माहे डोये उघडेच होते. तो पडला होता. दुसऱ्यांदा काऊन मारलं वं पोरी?"
"भीती वाटली, काका."
खोटं. मारताना बरं वाटत होतं.
उद्या अकरा वाजता ठाण्यात जबाब. रेकॉर्डिंगमध्ये हे दिसत नाही. ठाणेदार साहेबांनी सरळ विचारलं, तर भीतीच सांगू, की खरं?