क्लेअर शुद्धीवर येण्याची तयारी

सोमवार, ९ सप्टेंबर
आधी दुरुस्ती. शुक्रवारी मी इथे लिहिलं की डायरेक्टर माझ्याजवळ येऊन "छान" म्हणाले. हे खरं नाही. ते पलंगाजवळ आले आणि "छान" म्हणाले. माझ्या डोक्यावरचा दिवा नुकताच बदलला होता, तेव्हा ते दिव्यालाही म्हणाले असतील. माझे डोळे मिटलेले होते, त्यामुळे सांगता येत नाही.

आईची शिस्त अशी की चुकीचं लिहिलं गेलं तर त्याच वहीत स्वतःच्या हाताने दुरुस्त करायचं. आम्ही पाचही भावंडं नेब्रास्कात घरच्या जेवणाच्या टेबलावर तिच्याकडेच शिकलो. शाळा आतून पाहिलेली नाही.

तरीही. दिव्याला कोणी छान म्हणतं का?

मंगळवार, १० सप्टेंबर
सद्यस्थिती. लॉस एंजेलिसला येऊन दुसरं वर्ष. हॉस्पिटलच्या एका मालिकेत काम चालू आहे. भूमिका: क्लेअर, डॉक्टर हॉवर्डची बायको, अपघातानंतर कोमात. मालिका उभी आहे हॉवर्डच्या दुःखावर, आणि दुःखाचं कारण मी. म्हणजे मालिका कोणावर उभी आहे ते उघड आहे.

संवाद अजून नाही. एक शब्द बोलले की मी एक्स्ट्रांतून नटांत जाईन. रोजच्या कामाच्या कागदावर नटांना नंबर असतात. माझा उल्लेख सगळ्यात खाली, खोट्या रुग्णवाहिकेच्या वरच्या ओळीत आहे. पण कोमातलं माणूस मालिकेत कायमचं कोमात राहत नाही. लेखक योग्य वेळेची वाट पाहत आहेत.

आईला सांगितलंय की नाताळपर्यंत क्लेअर बोलेल. हे खोटं नाही, अंदाज आहे.

संकल्प: छाती न हलवता श्वास घेण्याचा सराव. रोज, आंघोळीनंतर.

गुरुवार, १२ सप्टेंबर
सराव झाला नाही. चक्कर आली.

कचऱ्याचा डबा बाहेर नेताना मिसेस हाकोप्याननी गाठलं. ग्लेंडेलमध्ये त्यांच्या घरामागची खोली माझ्याकडे आहे. त्या अर्मेनियन, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मालिकेचा एक भाग चुकवत नाहीत. म्हणाल्या, "पोरी, तू मर ना एकदाची. तो बिचारा किती झुरणार? ती भूल देणारी डॉक्टरीण बघ किती गुणी आहे."

मी सांगितलं की कथेबद्दल बोलायची मला परवानगी नाही. हे खरंच आहे. कथा मला कोणी सांगत नाही हेही खरं आहे, पण ते त्यांनी विचारलं नव्हतं.

मग द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळलेला डोलमा खायला बोलावलं. नाही म्हटलं. चादरीखालून पोट दिसतं. खोलीत काकडी खाल्ली.

बुधवार, १८ सप्टेंबर
हॉवर्डचं काम करणारा ड्वेन कास्टेलानो आज बराच वेळ माझा हात धरून बसला होता. या शहरात माझा हात धरणारा हा एकच माणूस आहे. तक्रार म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून.

कॅमेरा बंद झाल्यावरही त्याने हात सोडला नाही. तसाच धरून तो लाइटवाल्याला आपल्या स्विमिंग पूलच्या फरश्यांविषयी सांगत होता. हिरव्या बसवल्या, आता पाणी शेवाळलेलं दिसतं. मला तो क्लेअर म्हणतो. माझं नाव मर्सी आहे हे त्याला माहीत नाही, इतका तो भूमिकेत शिरलेला आहे. हे शिकण्यासारखं आहे.

दुपारचं जेवण खोट्या रुग्णवाहिकेच्या मागच्या पायरीवर. एक्स्ट्रांच्या तंबूत बसणं आता बरं दिसत नाही, आणि नटांच्या टेबलावर अजून कोणी बोलावलेलं नाही. पायरीवर सावली चांगली असते.

गुरुवार, २६ सप्टेंबर
मोठा दिवस. सविस्तर लिहिते.

प्रसंग लग्नाच्या वाढदिवसाचा. हॉवर्ड केक घेऊन क्लेअरच्या उशाशी बसतो, बराच वेळ बोलतो आणि शेवटी विचारतो, "तू ऐकतेयस ना?" तिसऱ्या टेकला माझ्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. एक थेंब. कानापर्यंत गेला.

कोणीतरी "कट" म्हणालं.

मग असिस्टंट डायरेक्टर रेनी वाकून हळूच म्हणाली की कोमातली बाई रडली तर हॉवर्डला आख्खा वॉर्ड गोळा करावा लागेल, आणि मग पुढचे सगळे भाग फाडून टाकावे लागतील. टेक बाद झाला. पुन्हा केला. त्यातही थेंब आला. ड्वेन उठून फोन बघायला गेला.

माझ्या एका थेंबात सबंध सीझन बदलण्याची ताकद आहे, हे आज त्या सगळ्यांनी पाहिलं.

दुरुस्ती, त्याच दिवशी: अश्रू अभिनयाचा होता असं मी खात्रीने म्हणू शकत नाही. "तू ऐकतेयस ना" असं त्याने विचारलं, आणि रविवारपासून मला कोणी काही विचारलं नव्हतं.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर
अंदाज खरा ठरला. स्टुडिओने मला बरबँकच्या एका वर्कशॉपमध्ये पाठवलं आणि माझ्या चेहऱ्याचा साचा घेतला. हातांचाही. चेहऱ्यावर गार लगदा थापतात, श्वासाला फक्त नाकपुड्या मोकळ्या ठेवतात. तिथला माणूस म्हणाला की इतकं स्थिर कोणीच राहत नाही. भिंतीवर मोठमोठ्या नटांचे चेहरे टांगलेले होते. आता त्यांत मी.

उगीच कोणी एखाद्याचा साचा घेऊन ठेवत नाही. माझ्याविषयी लांबचा विचार चालू आहे.

आईला फोन केला. तिने चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं.

दुरुस्ती: आईने फक्त मावशीला सांगितलं. चर्चमध्ये मावशीने सांगितलं.

सोमवार, १४ ऑक्टोबर
रेनीचा मेसेज, या आठवड्यात माझी गरज नाही. गेल्या आठवड्यातही नव्हती. मोठ्या प्रसंगाआधी नटाला विश्रांती देतात.

वेळ वाया घालवायचा नाही. क्लेअर शुद्धीवर आली की पहिला शब्द बहुतेक "पाणी" असेल. घसा कोरडा, आवाज खरखरीत. सकाळभर "पाणी" म्हटलं. रागाने, आश्चर्याने, नवऱ्याला ओळखून, नवऱ्याला न ओळखता.

दुपारी दार वाजलं. मिसेस हाकोप्यान पाण्याची मोठी बाटली दारात ठेवून परत चालल्या होत्या.

मंगळवार, २२ ऑक्टोबर
सेटवर स्वेटर राहिला होता. आणायला गेले. दुसरं काही कारण नव्हतं.

क्लेअरच्या पलंगावर क्लेअर होती.

रबराची. केस माझ्यासारखे, एकेक रोवलेले. छातीत छोटी मोटर, श्वास माझ्यापेक्षा एकसारखा. ड्वेन तिचा हात धरून बसला होता आणि मध्येच कोणाला तरी सांगत होता की फरश्या आता पांढऱ्या बसवतोय. हात त्याने तेव्हाही सोडला नाही.

रेनीने मला पडद्यामागे नेलं. "वाईट वाटून घेऊ नकोस, मर्सी. ती रडत नाही, एवढंच."

मला वाईट वाटलं नाही. हे लांबून घेण्याच्या शॉट्ससाठी आहे, जवळून माझाच चेहरा लागणार. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख जरा चपटं आहे, पुतळीचं गोल केलंय. ते मी रेनीला सांगितलं. तिने मान डोलावली.

स्वेटर तिथेच राहिला.

गुरुवार, ७ नोव्हेंबर
नव्या क्लेअरचा पहिला भाग आज होता. नेब्रास्कात मालिका आमच्या आधी दिसते. इथे संध्याकाळ होत होती तेव्हाच आईचा फोन आला. चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून पाहिला. धाकट्याने उठून टाळ्या वाजवल्या. आई रडली म्हणाली. मग म्हणाली, "खरं सांगू? आधी तू नुसती पडलेली असलीस तरी काळजीत दिसायचीस. आज पहिल्यांदा तुला शांत पाहिलं, बाळा. माझ्या जिवाला बरं वाटलं."

मी थँक्यू म्हणाले.

जवळून घेतलेले शॉट्स कदाचित जुने, माझेच वापरले असतील. आईने मला लहानपणापासून टेबलापलीकडून रोज पाहिलंय. तिला कळलं असतं.

आमच्याकडे भाग लागायच्या आधी मी पुढच्या घराचं दार वाजवलं. मिसेस हाकोप्याननी काही न विचारता सोफ्यावरची उशी सरकवली आणि जर्दाळूंची बशी माझ्या मांडीवर ठेवली. हॉवर्ड आला, बसला, हात धरला. मग पडदाभर चेहरा.

"ही तू नाहीस," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, कशावरून.

"तू डोळे मिटून पडलीस तरी आता कोणीतरी रागावणार असा चेहरा असतो तुझा. ही बघ, हिला कोणाची पर्वा नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "जर्दाळू खा. पोट बघायला आता कोण येतंय?"

खाल्ले. संपवले.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
रेनीचा फोन. क्लेअर वसंत ऋतूपर्यंत कोमात राहणार, प्रत्येक भागात असणार. भूमिका खूप वाढली आहे. मला यायची गरज नाही. तिने मनापासून आभार मानले.

आईला सांगायला हवं. आज नको, शुक्रवारी ती भावंडांच्या परीक्षा घेते. उद्या मावशी असेल आणि मावशीला आधी कळेल. रविवारी चर्चमध्ये लोक येऊन तिचा हात हातात घेतील, तो एक रविवार तिला मिळू दे. सोमवारी सुट्टी, सगळे घरात, फोन कोणीही उचलेल. मंगळवारी माझी तयारी पुरी झालेली नसेल.

वाक्य छोटं आहे. "आई, ती मी नव्हते." या शहरात आल्यापासून माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलंच वाक्य. सकाळपासून म्हणतेय. हसत म्हटलं तर खोटं वाटतं. सावकाश म्हटलं तर "ती"वर आवाज जातो. प्रत्येक वेळी "आई"च्या पुढे थांबायला होतं. तिथे थांबायचं नाही.

फोन बुधवारी, १३ नोव्हेंबरला. तिकडे गणिताचा तास संपला की.