रेषेच्या अलीकडे

प्रिय बाबा,

हे पत्र स्वतः वाचायचं, आईकडे सोपवायचं नाही. हाताचा विषय निघाला की तुम्ही फोन तिला देऊन मोकळे होता, म्हणून कागद घेतलाय. त्याला मध्येच ‘आईशी बोल’ म्हणता येत नाही.

काल आईने ड्रेसिंग बदलताना काढलेला फोटो पाठवला आणि मी लॅबमध्ये सगळ्यांदेखत उडी मारली. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम सहसा माणसांपेक्षा स्लाइडशी जास्त बोलतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो नाकाला लागेल इतका जवळ धरला आणि चक्क हसल्या. बाबा, रेषा थांबलीय. मधल्या बोटाचं आणि शेजारच्या अनामिकेचं टोकाचं पेर काळं आहे, पण त्याच्या अलीकडे लगेच गुलाबी, जिवंत कातडी. सर्जनसाहेब नुसते बघत बसतात म्हणून तुम्ही कुरकुर करत होता ना, ते या रेषेचीच वाट बघत होते. अशा जखमेत मेलं कुठवर आणि जगलं कुठून हे हात स्वतःच सांगतो, त्याला वेळ द्यावा लागतो. तुमच्या हाताने सांगितलं. हात वाचलाय, आणि मला कालपासून एका जागी बसवत नाहीये.

आणि एवढी चांगली बातमी असताना तुम्ही ती दोन काळी टोकं काढायच्या सोमवारच्या ऑपरेशनला नाही म्हणून बसलाय. का ते मला ठाऊक आहे. आइस्क्रीमच्या गोदामात पाइप फुटून थंडगार गॅस तुमच्या उघड्या बोटांवर उडाला, तेव्हापासून तुमचं एकच पालुपद, बोटं सुन्न आहेत, शेक दिला की उठतील. (शेक बंद करा, आधी ते.) त्यात डॉक्टर गँगरीन म्हणाले आणि तुम्ही आईला सांगून टाकलंत की आता मनगटापासून हात जाणार. हल्ली हात टॉवेलखाली लपवून जेवायला बसता म्हणे. तिच्यापासून कधी काही लपलंय का तुमचं?

तर तुमच्याच भाषेत सांगते. लहानपणी स्कूटरवर पुढे उभी राहून मी तुमच्याबरोबर किती फ्रीज पाहिले असतील. तक्रार ऐकून घेतली की तुम्ही पाइपवर हीच दोन बोटं टेकवायचात आणि डोळे मिटायचात. लाइन चोक असेल तर तुम्ही खूश. चोक काढला की मशीन पुन्हा कामाला लागतं. बाबा, रक्त कमी पडून पेशी उपाशी असतात पण जीव धरून असतात, त्याला आम्ही इस्कीमिया म्हणतो. तुम्ही अजून तुमच्या बोटांत हा चोक शोधताय. पण उपास लांबला की पेशी मरतात, तो नेक्रोसिस. आतल्या मोटरचं वाइंडिंग जळाल्यावर कितीही गॅस भरला तरी कॉम्प्रेसर उठत नाही, तसं. काकांच्या हृदयाला झालं ते इन्फार्क्शन. एक नळी बंद पडली आणि जेवढा तुकडा तिच्यावर जगत होता तेवढा मेला. उरलेल्या हृदयावर काका आजही पत्त्यांत लबाडी करतात. आणि तुम्ही ज्याचा एवढा धसका घेतलाय ते गँगरीन म्हणजे हेच मरण, फक्त डोळ्यांना दिसेल एवढ्या भागाचं. हात किती गेला हे तो शब्द सांगत नाही, ते रेषा सांगते. तुमचं कोरडं आहे, म्हणून जागच्या जागी थांबलंय. त्यात जंतू शिरले की ते ओलं होतं, आणि ओलं झालं की रेषाबिषा काही मानत नाही. मग मात्र मनगटाची गोष्ट खरी होऊ शकते.

तो बेकरीवाला आठवतो? जळालेला कॉम्प्रेसर आज काढू, उद्या काढू करत त्याने तसाच लाइनवर ठेवला होता. आतल्या तेलाचं ॲसिड झालं आणि त्याने चांगली लाइन खाल्ली. तुम्ही घरी आलात ते धुमसतच. मेलेल्याची माया केली आणि जिवंताला मारलं त्याने, असं म्हणत ताट बाजूला सारलं होतंत. बाबा, आत्ता तो बेकरीवाला कोण आहे?

ती दोन टोकं म्हणजे तुमचं मीटर होती, हे मला कळतं. फोटो बघून नाचून झाल्यावर मी जिन्यात जाऊन रडलेसुद्धा. पण अंगठा शाबूत आहे, तर्जनी शाबूत आहे. पाइप काय म्हणतो ते त्यांनाही शिकवा. मला शिकवलंतच की.

एक मरण मुद्दाम शेवटी ठेवलंय. काही पेशी ठरल्या वेळी आपणहून जातात. सूज नाही, पू नाही, शेजाऱ्यांना त्रास नाही, आपली आवराआवर करून गुपचूप. त्याला अपॉप्टोसिस म्हणतात. पोटातल्या बाळाचा हात आधी उलथन्यासारखा सपाट असतो. मग मधल्या पेशी अशा सरतात आणि बोटं सुटी होतात. इतकी वर्षं हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. बाबा, सध्या ते माझ्या पोटात चाललंय. तिसरा महिना लागलाय. तुमच्या जावयाखेरीज कुणाला माहीत नाही, आईलाही नाही. तिला तुम्हीच सांगायचं, पण सोमवारी, हॉस्पिटलला जाताना गाडीत, त्याआधी नाही. जन्मल्या जन्मल्या मी तुमचं मधलं बोट असं धरलं होतं की नर्सला येऊन सोडवावं लागलं, आणि तेव्हापासून मी तुमची पक्कड झाले. तुमच्या नातवंडाची बोटं तयार होताहेत. तुमचं बोट पेरभर आखूड आहे हे त्याला कळणारसुद्धा नाही, पण धरायला ते तिथे असायला हवं.

तुमचीच,
पक्कड