पांगाऱ्याची फळी

१४ मार्च १९८९

फुटला! केळीच्या खांबांचा तराफा आज अर्ध्या पाण्यापर्यंतही गेला नाही. दोऱ्या शाबूत, बांबू शाबूत, पण खांब पाणी पिऊन फुगले होते. पहिल्या चार लाटांतच त्यांची सालं सुटायला लागली. मी गळ्याइतक्या पाण्यात, आणि माझ्याच बागेतले खांब माझ्याभोवती तरंगताहेत. पाणी देऊन देऊन मोठे केले, त्यांनीच बुडवलं.

कुंदा पलीकडच्या काठावर होती. इतक्या लांबून चेहरा दिसत नाही, निळं पातळ तेवढं दिसतं. मी पडलो तशी ती उठून गेली. कंटाळली असेल. मीही कंटाळलो आहे.

१५ मार्च

खोकला. कोणाशी बोललो नाही.

१७ मार्च

डोकं शांत होत नाही म्हणून सगळं एकदा लिहून काढतो. धरणाचं पाणी दोन्ही गावांच्या मध्ये आलं तेव्हा ये-जा करायला डोंगा होता, लाकडी होडी. दिवाळीनंतर डोंगा पाण्याखालच्या बाभळीच्या खोडावर चढला आणि उलटला. त्यात कुंदाचा एकुलता भाऊ अभिमन गेला. दुसऱ्या दिवशी त्याला काढला तेव्हा ती काठावरच होती. तेव्हापासून डोंगा बंद. माझे सासरे चुडामण आबा लकव्याने खाटेवर. त्यांना भरवायला, कूस बदलायला दुसरं कोण आहे? कुंदा माहेरी गेली ती तिकडचीच झाली. आबांना इकडे आणू म्हटलं तर ते दाराची चौकट धरून रडतात.

मला बाग सोडता येत नाही. रस्त्याने जायचं तर बोदवडला बस बदलून दिवस मोडतो. पाण्यातून मात्र समोर दिसतं. रोज संध्याकाळी जाता आलं, सकाळी परत येता आलं, तर आमचा संसार टिकतो. नाहीतर नाही. इतकं सरळ आहे.

१९ मार्च

सुकदेव सुताराकडे गेलो. तो हसला. ‘केळीवर कोनी पाण्यात जाते का जीवरामभाऊ? पोरं विहिरीत पोहाले शिकता ते कशाच्या ठोकळ्यावर?’ पांगाऱ्याच्या! लाकूड हलकं, बोटाने दाबलं तर दबेल असं. माझ्या डोक्यात कसं आलं नाही? बांधावरचा पांगारा तोडायला उद्या जातो. फुलावर आहे बिचारा.

३० मार्च

फळी झाली. दीड पुरुष लांब, दाराच्या एका झडपेएवढी रुंद, खालून डांबर फासलेलं. वल्ह्याला बांबू आणि टोकाला डब्याचा पत्रा. सुकदेव म्हणतो बसून चालवा. बसून भागणार नाही. बसलं की पुढची खोडं दिसत नाहीत, उभं राहिलं की पाण्याखालचं काळं दिसतं. अभिमन बसला होता.

आणखी एक आहे, ते कोणाला सांगणार नाही. जावई माणसाने सासुरवाडीच्या काठावर भिजलेल्या मांजरासारखं उतरावं का?

३१ मार्च

सकाळी वारा नव्हता. उभा राहिलो! काठाकाठाने पंपापर्यंत जाऊन आलो. फळी डुलत होती पण उभा होतो.

दुपारी वारा सुटला आणि फळीचं खरं रूप कळलं. लाट समोरून आली की नाक सरळ तिच्या पोटात घुसतं. बाजूने आली की फळी पाटासारखी उलटते, विचारतसुद्धा नाही. किती वेळा पडलो ते मोजलं नाही. निळं पातळ आजही उठून गेलं.

१ एप्रिल

सकाळी जायचं आणि सकाळीच यायचं असं का नाही करत, असं आई विचारते. सकाळी केळीला पाणी कोण देईल? घड कोण उतरवेल? संध्याकाळीच मोकळा होतो, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी वारा असणारच. लाटेत चालली तरच ही फळी, नाहीतर चुलीत घालायचं लाकूड.

६ एप्रिल

नाना आले होते. वडिलांच्या मागे घरात त्यांचाच शब्द. झिपरू नाना म्हटलं की भावकीत कोणी तोंड वर करत नाही. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, ‘आखाजीच्या आत पंचांसमोर फारकतीचा फैसला करून टाकू. बायको तिकडी, तू इकडी, मधी पानी. असा संसार होत नही.’

अक्षय्य तृतीयेला जेमतेम महिना उरला. मी म्हटलं, मी पाणी ओलांडून दाखवतो. ते उठून दारापर्यंत गेले. मग म्हणाले, ‘तेच त नको करू.’ दुसरी सोयरीक बघून ठेवली असेल. यावलकडची असेल. माझा संसार यांना केळीचा खांब वाटतो. एक घड काढला की कापा!

नानांचा राग राग येतो.

१३ एप्रिल

सुकदेवने नाक तासून वर उचललं. वर गोणपाट ठोकलं, पाय सरकत नाहीत. फरक पडला. समोरची लाट आता फळीखालून जाते. मी गुडघे वाकवून थोडा मागे उभा राहतो, लाट गेली की पुढे सरकतो. पण तोंड सरळ राहत नाही. दोन वल्ही मारली की फळी बाजूला वळते, वळली की आडवी लाट, आडवी लाट की मी पाण्यात.

आज खोडावर आपटलो. नडगी सोलली. अभिमनला काय वाटलं असेल ते क्षणभर कळलं. लिहवत नाही.

१४ एप्रिल

होणार नाही हे. मला आतून ठाऊक आहे.

१८ एप्रिल

वखराची जुनी पास, त्याचं लोखंडी पातं, फळीच्या शेपटाखाली उभी ठोकली. सुकदेवची कल्पना नाही, माझी. वखराची पास मातीत सरळ चालते, पाण्यात का नाही चालणार? चालली! फळी रेघ धरते. आडव्या लाटेतही आधी डुलते, लगेच उलटत नाही. तेवढ्या वेळात वल्हं दुसऱ्या बाजूला टेकवून सावरता येतं. अर्ध्यापर्यंत गेलो. तिथे वारा जास्त, लाटा आखूड आणि उभ्या. एका लाटेवरून उतरेपर्यंत दुसरी. पडलो.

पण अर्ध्यावरून निळं पातळ स्पष्ट दिसलं. ती दोन्ही हात डोक्यावर धरून उभी होती. ऊन लागत असेल.

२५ एप्रिल

धरणाचं पाणी उतरतंय. दोन्हीकडे गाळ उघडा पडला. आणखी महिनाभराने फळीही नाही आणि पायवाटही नाही, नुसता कमरेइतका चिखल. काय काय म्हणून जुळवायचं माणसाने? आणि जुळलं तरी पावसाळ्यात हे पाणी दुप्पट होणार. हे सगळं मी दिवसभर स्वतःला सांगतो आणि संध्याकाळी फळी उचलून काठावर जातो.

४ मे

गेलो. उभ्याने गेलो!

वारा चांगलाच होता. मधल्या लाटांत मी घाई केली नाही. लाट चढताना मागचा पाय दाबायचा, माथ्यावर एक वल्हं, उतरताना गुडघे मऊ. फळी पाण्यावर आपटत होती, पण माझं ऐकत होती. खोडं दुरून दिसली, वळसा घातला. गाळातून काठावर चढलो तेव्हा पाय घोट्यापर्यंत चिखलात, पण पँट कोरडी, सदरा कोरडा. आयुष्यात मला स्वतःचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

कुंदा काठावर होती. वाळली आहे. हसली नाही. माझ्या सदऱ्याला हात लावून म्हणाली, ‘कोरडा हाये.’ मग पुढे चालायला लागली.

घरी आबा खाटेवर होते. वाकड्या तोंडाने, तुटक तुटक म्हणाले, ‘डोंगा... कोठी लावला?’ मला ते अभिमन समजले. कुंदाने पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी म्हटलं, आता रोज येईन. वारा असला तरी येईन. आता फळी लाटेत चालते.

ती म्हणाली, ‘पाह्यलं मी.’

थोड्या वेळाने विचारलं, ‘परत कवा जाता?’ वारा पडल्यावर निघालो. मध्यावरून वळून बघितलं, ती होती. आमच्या काठाला लागून बघितलं, तरी होती. अंधार पडला म्हणून दिसेनाशी झाली.

आनंद व्हायला हवा होता. होत नाही.

७ मे

उद्या आखाजी. नानांकडे गेलो, म्हटलं, मी पाणी ओलांडलं, आता फारकत कशाला? नानांनी मला खाली बसवलं. मग म्हणाले, ‘मी नही मागत रे बाप्पा. तीच मागते. तू केळीचा तराफा पाण्यात घातला, त्याच आठवड्यात तिनं निरोप धाडला. म्हने, सोडाचाच हाये, त जिता असतानी सोडीन. अभिमनवानी काठावर पाहाचा नही मले.’

मी म्हटलं, मी पाण्यात जात नाही. फळी जाळतो. नाना म्हणाले, ‘तेबी इचारलं मी. ती म्हने, बायको हाये तवलोक तो येईन.’

खरं आहे. येईन.

पंचांना हो सांगून आलो.