लग्नाच्या आदल्या दिवशीची वाटणी

मी, ओ माल-सुक, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा शेवया करणे व विकणे, मूळची दक्षिण कोरियातील थोंगयोंगजवळच्या कोळ्यांच्या गावची, गेली एकतीस वर्षे राहणार अल्माती, कझाकस्तान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझा मुलगा ते-ग्यु याचे मत वेगळे आहे, कारण येत्या रविवारी मी लग्न करते आहे. डॉक्टरांनी तपासून "आजी, तुमची नाडी माझ्यापेक्षा बरी चालते" असे सांगितले. त्यांचा दाखला सोबत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, भुलवलेले नाही. आनंदाने अधूनमधून गरगरते, तेवढे कायद्याने चालवून घ्यावे.

कलम एक. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द. ते मी नवऱ्याशी भांडून लिहिले होते आणि त्यात सगळी मालमत्ता शेजारच्या मांजरीला दिली होती. मांजर आता नाही.

कलम दोन. शेवयांचा कारखाना, म्हणजे पत्र्याची शेड, अंगण, वाळवणाचे बांबू आणि लाटायचे यंत्र. याची हकीकत लिहून ठेवणे भाग आहे, कारण माझी मुले ती प्रत्येक वेळी वेगळी सांगतात. माझे दिवंगत पती बे जोंग-पिल येथे शिलाई यंत्रे विकायला आले होते. एकही विकले गेले नाही. शेवटी पाच यंत्रे देऊन त्यांनी हे लाटायचे यंत्र घेतले व मला म्हणाले, "तुझ्या माहेरी शेवया करायचे ना, मग कर." मी माहेरच्या मापाने मीठ घातले. माहेरी समुद्राची हवा, इथे कोरडा वारा. सकाळी बघते तर सगळ्या शेवया तुटून अंगणभर पडलेल्या. मी पायरीवर बसून रडले आणि पतींनी त्या खायला कोंबड्या सोडल्या. यंत्र दुरुस्तीला आलेले गेरासिम खेगाय, इथेच जन्मलेले कोरियन गृहस्थ, म्हणाले, "बाई, मीठ वाढवा आणि भोवती ओल्या चादरी टांगा." शिवाय कोंबड्यांपासून वाचलेल्या तुटक्या शेवया त्यांनी विकत घेतल्या. पतींना जाऊन अकरा वर्षे झाली आणि तेही गेरासिमना चांगला माणूस म्हणत असत. मी फक्त त्यांचे मत मनावर घेतले आहे.

कलम तीन. गेरासिम खेगाय, वय शहात्तर, यांना काहीही नाही. ही त्यांचीच अट. "माझ्या नावावर काही लिहू नकोस. तुझी माणसं मला लबाड म्हणतील आणि आता भांडायला दम पुरत नाही," असे ते म्हणाले. मी हो म्हटले. तरी त्यांना एक जाड रजई मिळावी, कारण त्यांचे छप्पर गळते.

कलम चार. माझे दीर बे जोंग-गुक यांनी गावच्या धक्क्यावर आम्हाला निरोप देताना "तीन महिन्यांत परत येतील" असे साऱ्या बोटीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितले होते. त्यांना दर नववर्षाला माझ्या कारखान्याची एक पेटी शेवया जावी. सोबत चिठ्ठी घालू नये.

कलम पाच. मुलगी सन-ओक हिला माझी मिठाची वाटी, अंगठ्या आणि अर्धा कारखाना. पोरगी पहाटे उठते, मजूर तिला घाबरतात आणि तिला शिट्टी वाजवता येते. आणखी काय पाहिजे.

कलम सहा. मुलगा ते-ग्यु यास उरलेला अर्धा कारखाना द्यावा की देऊ नये, ते शनिवारी दुपारी लिहीन. जागा सोडली आहे.

कारण लिहिते. माझ्या होणाऱ्या वन्सं, म्हणजे गेरासिमांच्या बहीण क्लावदिया, यांनी लग्नाला आडकाठी घातली आहे. इथल्या कोरियन लोकांत मूल वर्षाचे झाले की आस्यान्दी करतात. टेबलावर भाताच्या वड्या, तांदूळ, दोरा, कात्री, पुस्तक मांडतात, मूल तीन वस्तू उचलते आणि त्यावरून त्याचे भविष्य सांगतात. ज्याची आस्यान्दी झाली नाही त्याच्यासाठी पुढे लग्नाचे टेबल मांडत नाहीत, साठीचेही नाही. मी वर्षाची झाले तेव्हा लढाई चालू होती, घरात तांदूळ नव्हता. पहिले लग्न गावाकडे झाले, तिथे कोणी विचारले नाही. वन्संनी विचारले. मी खरे सांगितले, हीच माझी चूक.

"मग आधी ती करू," वन्सं म्हणाल्या. "शनिवारी, बारा वाजायच्या आत. पण मुलाला टेबलापाशी रक्ताच्या माणसाने उचलून आणायचं असतं. चालत आलेलं चालणार नाही."

सन-ओकची कंबर धरलेली आहे. राहिला ते-ग्यु. तो तीन आठवडे माझ्याशी बोललेला नाही. त्याला शेड पाडून त्या जमिनीवर इमारत बांधायची आहे आणि लग्न त्याच्या आड येते, असा माझा ठाम समज आहे. तो आला नाही तर लग्न नाही. आणि मग त्याला कारखानाही नाही, पत्र्याचा तुकडासुद्धा नाही.

(येथे गुरुवारचे लेखन थांबले. पुढील मजकूर शनिवारी दुपारी तीन वाजता. अक्षर हलले आहे, हसू आवरत नाही.)

आज अकरा वाजता मी नवे गुलाबी कपडे घालून माझ्याच दाराशी स्टुलावर बसले होते. साडेअकरा झाले. गेरासिम तीनदा घड्याळाकडे आणि चारदा माझ्याकडे बघून गेले. पावणेबाराला ते-ग्युची गाडी आली. तो उतरला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"जमीन घे, पण मला उचल," मी म्हटले.

"कोणाला पाहिजे ती जमीन?" तो म्हणाला. "आई, तुझं लग्न ठरलं हे मला बाजारात राइखानने सांगितलं. टोमॅटो मोजता मोजता. सख्ख्या मुलाला शेवटी कळावं?"

मी घाबरले होते. तो नको म्हणेल म्हणून आधी सगळ्यांना सांगत सुटले होते. तसे मी त्याला सांगितले, आणि चुकले असेही सांगितले. हे शब्द त्याने माझ्या तोंडून प्रथमच ऐकले असावेत, कारण त्याने मान वळवून नाक पुसले.

"किती वजन आहे तुझं?"

"अडुसष्ट."

"बाळ गुटगुटीत आहे," तो म्हणाला, आणि त्याने मला उचलले. अंगण पार करताना तो दोनदा थांबला. सन-ओक शिट्ट्या वाजवत होती, मजूर पावले मोजत होते, मी त्याच्या गळ्याला मिठी मारून हसत होते आणि रडतही होते. बाराला चार मिनिटे कमी असताना त्याने मला टेबलापाशी ठेवले.

पहिल्यांदा मी दोरा उचलला, दुसऱ्यांदा तांदूळ. तिसऱ्यांदा गेरासिमांचा हात धरला. वन्संनी चष्मा लावला.

"हात टेबलावर होता का?"

"होता," ते-ग्यु म्हणाला. "मी पाहिला."

"मग मोजला. उद्या लग्न."

सबब कलम सहाची जागा पुढीलप्रमाणे भरते. उरलेला अर्धा कारखाना ते-ग्यु यास. तो नको म्हणेल, तरी द्यावा. यापुढे माझ्या घरातील कोणतीही बातमी त्याला सर्वांत आधी सांगावी, मी आजारी पडल्याचीसुद्धा.

कलम सात, शेवटचे. मी गेल्यावर मला घरातून बाहेर नेताना डोक्याच्या बाजूला ते-ग्युने असावे. उचलायचे कसे, कुठे थांबायचे, हे त्याला आता येते. वाटेत दोनदा थांबला तरी कोणी घाई करू नये.

वरील सर्व मी वाचले, पटले, म्हणून सही केली.

ओ माल-सुक

साक्षीदार:
१. क्लावदिया खेगाय (सही डोळे उघडे ठेवून केली आहे)
२. राइखान, टोमॅटोवाली (यापुढे तोंड बंद ठेवीन)

अल्माती, शनिवार, १४ सप्टेंबर २०२४