दान्सोनमधला थांबा

ती. ओफेलिया आत्यास,

नमस्कार. तुझी साखर, तुझी झोप आणि वरच्या भाडेकरणीशी चाललेलं तुझं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. (तिसऱ्याची खात्री नाही.) इथे वेराक्रूसला उकाडा आहे आणि बाबा बरे आहेत. "बरे आहेत" हे त्यांचं म्हणणं, पत्राची रीत म्हणून लिहिलं. मी दिवसभर लोकांच्या हृदयाची सोनोग्राफी करते, तेव्हा माझ्याकडे त्याला वेगळा शब्द आहे. पण तो काढला की तू फोनवर विषय बदलतेस.

दर रविवारी तू त्यांना फोनवर सांगतेस, "एलाडियो, हल जरा, खुर्चीला मुळं फुटतील." सल्ला बरोबर आहे. थकलेल्या हृदयाच्या माणसाने रोज थोडं चालावं, दम लागला की थांबावं, पुन्हा चालावं. हे कुठल्याही डॉक्टरपेक्षा तू मोठ्या आवाजात सांगतेस. अडचण आहे ती मधल्या थांबण्याची. बाबांनी बंदरावर जन्मभर क्रेन चालवली. समुद्राकाठच्या रस्त्यावर ते क्षणभर थांबले की एकजण खुर्ची आणतो, दुसरा पाणी, तिसरी छातीवर क्रूसाची खूण करते, आणि ओळखीचा मासेवाला पलीकडून ओरडतो, "काय एलाडियो, क्रेन अडकली का?" (या शहरात माणसाला शांतपणे धापा टाकायची सोय नाही. सगळे फार प्रेमळ आहेत.) म्हणून बाबांनी चालणं सोडलं.

सरकारी दवाखान्यात साखर, रक्तदाब आणि हृदयवाल्यांचा एक व्यायामगट आहे. तो बराच काळ नीट चालला, कारण नर्सबाई त्याला व्यायाम म्हणतच नसत. त्या अंगणात दान्सोन लावून द्यायच्या आणि सगळ्यांना जोडीजोडीने नाचवायच्या. आता दान्सोन तुला मी काय सांगणार, बाबांना पहिलं पाऊल तूच शिकवलंस. पण मुद्दा मांडायचा तर क्रमाने मांडावा लागतो. धून फिरून मूळ सुरांवर आली की सगळ्या जोड्या थांबतात. बायका पंखे उघडतात, पुरुष ताठ उभे राहून वादकांकडे बघतात, आणि तेवढ्या वेळात जो हलतो तो अडाणी ठरतो. म्हणजे धाप लागलेल्या माणसाला थांबण्याबद्दल मान मिळतो अशी शहरात ही एकच जागा. बाबा तिथे दम खायचे आणि कोणाला पत्ता लागायचा नाही. त्या काळात त्यांचे पाय सुजत नव्हते, जिना चढताना ते माझ्याशी वाद घालू शकत होते, आणि घालतही होते.

मग राजधानीहून यूलिसेस नावाचा प्रशिक्षक आला. पिळदार, नम्र, गळ्यात शिट्टी. पहिल्याच दिवशी ऐन नाचात सगळा गट एकदम थांबला. यूलिसेसच्या समजुतीप्रमाणे एवढ्या रुग्णांना एकाच क्षणी झटका आला होता. त्याने गाणं बंद केलं, प्राणवायूची टाकी ओढत आणली आणि सगळ्यांत जवळ होत्या त्या क्रिसांताबाईंच्या (या बाबांच्या नाचातल्या जोडीदारीण) तोंडावर मास्क चढवला. बाई आतून ज्या शिव्या देत होत्या, त्यांना तो गुदमरणं समजला आणि मास्क आणखी दाबून धरला. (टाकी रिकामी होती. ही माझी तांत्रिक नोंद.)

नर्सबाईंनी सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे निम्मा वेळ तुम्ही उभेच असता. मग याला व्यायाम कसं म्हणायचं?" दुसऱ्या दिवसापासून ढोल, उड्या, हात वर, आणि न थांबता. बाकीचे एकेक करून बाकावर जाऊन बसले. बाबा बसले नाहीत, कारण यूलिसेसने त्यांना विचारलं होतं, "दमलात का आजोबा?" ओठ निळे होईपर्यंत त्यांनी उड्या मारल्या आणि शेवटी कोरफडीच्या कुंडीवर बसले. काटे मी काढले. यूलिसेसने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, तुमच्या वडिलांची जिद्द मानली पाहिजे." मी मानली. रात्रभर इस्पितळाच्या बाकावर बसून मानली.

त्यानंतर ते गटात गेले नाहीत. मी म्हटलं, चौकात चला, तिथे अजून खरा दान्सोन असतो. तयार झाले, इस्त्रीचा सदरा घातला. पण क्रिसांताबाईंनी हात पुढे केला नाही. मला म्हणाल्या, "नोएमी पोरी, राग मानू नको. मला विधवाच व्हायचं असेल तर स्वतःच्या नवऱ्याची होईन. दुसरीचा बाप माझ्या हातात गेला, तर या चौकात मला कोण नाचायला बोलवेल?" त्यांच्या शेजारणीने तोवर पंख्याआड तोंड घातलं होतं, तिच्या शेजारणीने पर्समध्ये. हे शहर पाणी देतं, खुर्ची देतं, हात देत नाही.

मग मीच उभी राहिले. मला पावलं येतात, चुकत नाहीत. पण थांब्याला सगळे थांबले तेव्हा मी वाकून बाबांच्या मानेची शीर बघत होते. बाबांनी हात सोडवून घेतला. "तू माझ्याशी नाचतेयस की माझी तपासणी करतेयस?" म्हणाले, आणि घरी आले. तेव्हापासून खुर्ची. आता त्यांच्या घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडतो आणि लवकर भरत नाही. हे असंच राहिलं तर पुढच्या वेळी इस्पितळातून त्यांना घरी आणेन असं मी सांगू शकत नाही. मला अंदाज सांगायची सवय नाही.

असो. तुझ्या रविवारच्या फोनची ते वाट बघतात.

तुझी भाची,
नोएमी

ता. क. तुझ्या हलापाहून इथे यायला बसने दोन तास लागतात. शनिवारी चौकात वादक असतात. तू ये आणि त्यांच्याबरोबर नाच. मला एवढंच लिहायचं होतं.

ता. क. दुसरा. गुडघ्यांची सबब सांगू नकोस. तुझे गुडघे खरंच खराब आहेत हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच तू हवी आहेस. त्यांच्यासाठी आलीस असं म्हणालीस तर ते खुर्चीतून उठायचे नाहीत. सांग, "एलाडियो, डॉक्टरने मला नाचायला सांगितलंय आणि हलापात एक धड पुरुष उरला नाही." तुला शिव्या घालत घालत ते बूट शोधतील.

ता. क. तिसरा. मी शनिवारी ड्यूटी मागून घेतली आहे, मी चौकात नसेन. म्हणजे त्यांच्याकडे लक्ष तुलाच ठेवावं लागेल, पण बघताना त्यांना दिसू नकोस. ओठांचा रंग बदलला आणि धून थांब्यावर यायला अवकाश असला, तर "आई गं, माझा गुडघा" असं मोठ्याने म्हण आणि त्यांच्या खांद्याला धर. सगळा चौक तुझ्याकडे बघेल. बघू दे.