ब्रेंटची शेवटची डबी

लाडके बहिणी रोलांड,

आधी हे वाच, की मी आणि तुझी भाची डेनिझ, दोघी बऱ्या आहोत. तुझा गुडघा कसा आहे? फोनवर ती ऐकेल, म्हणून लिहितेय.

माझ्या लेकीच्या घरी कॉफी एका वेळी एकच कप होते, यंत्रात घालायच्या पॉडच्या इवल्या बंद डबीतून. जावयाच्या डब्या वेगळ्या, सुमात्राच्या एकाच मळ्यातल्या, काळ्याकुट्ट भाजलेल्या कॉफीच्या. मला ठाऊक नव्हतं. मंगळवारी सकाळी शेवटची डबी मी यंत्रात घातली.

"माझी डबी कुणी घेतली?" ब्रेंटने विचारलं.

"मी," डेनिझ पटकन म्हणाली.

त्याने भरलेला कप तिच्या तोंडावर फेकला. भुवई फाटली, पाच टाके पडले. मग यंत्र वायरीसकट उपटून भिंतीवर आपटलं आणि पुन्हा तिच्यावर हात उगारला. मी बिडाचा तवा त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला, रोलांड. मला वाईट वाटलं नाही.

दवाखान्यात डेनिझ म्हणाली, "कपाटाचं दार लागलं." नर्सने माझ्याकडे पाहिलं. शाळेत कुणी खोटं बोललं की आपल्या नन सिस्टर अशाच बघायच्या. मी खरं ते सांगून टाकलं.

कोर्टाने ब्रेंटला महिनाभर घरापासून लांब ठेवलंय. तेवढ्या वेळात हिला तुझ्याकडे आणायचंय, पण ही हो म्हणत नाही. "तो मनाने वाईट नाही गं, मम्मी," एवढंच.

आज मात्र तिने विचारलं, "मावशीकडे ती सहा कपांची कॉफीची किटली अजून आहे?"

तिला फोन कर आणि आहे म्हणून सांग. फुटली असली तरी.

तुझीच,
ओडेट